हाताच्या मापाचा गोळा

मलकापूरला कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती कंपनीच्या कचेरीत मी सहा वर्षं कारकून होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारचा हुकूम नागपूरहून यायचा आणि कापसाचा भाव मुंबईहून. आमच्या कचेरीत भावाचीच वाट जास्त पाहिली जायची. संध्याकाळी स्टेशनातल्या तारघरात तार आली की ती घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जाणं हे माझं काम.

मी वरवट बकालचा, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात इंग्रजी शिकलेला मी पहिलाच. वडील गावात सांगायचे, "आमचा पोरगा सायबाच्या जोडीनं बसते." ते खरं नव्हतं. मी साहेबांसमोर उभा असायचो.

साहेब पन्नाशीचे, एकटे. त्यांची बायको विलायतेत वारली होती, असं खानसाम्याकडून कळलं होतं. बंगल्यामागे त्यांनी एक लांबलचक पत्र्याची शेड बांधून घेतली होती. आत सागवानी फळ्यांची गुळगुळीत जमीन आणि पलीकडच्या टोकाला लाकडाच्या नऊ जाड खुंट्या उभ्या. अलीकडून लाकडी गोळा घरंगळत सोडायचा आणि खुंट्या पाडायच्या, एवढाच खेळ. साहेब त्याला स्किटल म्हणायचे. गोळा लहान डांगराएवढा, काळपट, चांगला जड. त्याला दोन भोकं होती, एक अंगठ्यासाठी आणि एक मधल्या बोटासाठी.

कापसाचे गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसचा गोरा इंजिनियर आधी त्यांच्याशी खेळायला यायचा. त्याची बदली झाली आणि साहेब एकटेच खेळू लागले. गोळा सोडायचा, मग चालत पलीकडे जायचं, वाकून खुंट्या उभ्या करायच्या, गोळा उचलून परत यायचं. तार हातात धरून मी दाराशी थांबायचो आणि ते येणं-जाणं पाहायचो. एका संध्याकाळी त्यांनी तार वाचली, घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "टाकून पाहतोस?"

मी चपला बाहेर काढल्या. गोळा उचलला तेव्हा बोटं भोकात पुरेशी जाईनात, कारण भोकांमधलं अंतर साहेबांच्या पंजाचं होतं, आणि तो माझ्या दीडपट होता. कसाबसा झोका देऊन सोडला. तो वाकडातिकडा गेला, तरी कडेच्या तीन खुंट्या पडल्या. बैलगाडीतून वासे खाली टाकावेत तसा कोरडा, पोकळ आवाज झाला. दिवसभर मी दुसऱ्यांची पत्रं लिहायचो. ती कुठे जातात, त्यांचं काय होतं, ते मला कधी दिसायचं नाही. आपल्या हातानं काही करावं आणि ते लगेच डोळ्यांपुढे घडावं, हे मला नवीन होतं. मी हसलो असणार, कारण साहेबही हसले.

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी तिथे असायचो. नियम असा की हरेल त्यानं खुंट्या उभ्या करायच्या. बहुतेक वेळा मीच जायचो. पण कधी साहेब हरले तर ते मुकाट्यानं जायचे आणि मला दुसऱ्या कुणाला पाठवू द्यायचे नाहीत.

महिन्याभरात माझं मनगट दुखू लागलं. पत्र लिहिताना अक्षर हलायचं. साहेबांच्या ते लक्षात आलं. "हा गोळा माझ्या हाताचा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या मापाचा गोळा हात बिघडवतो. स्वतःचा घे." मुंबईत फोर्टातलं एक मोठं दुकान असले गोळे मागवून भोकं पाडून देतं, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "इथे कुणी करून देईल का?" त्यावर ते म्हणाले, "या देशात सरळ भोक पाडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही." ते रागानं बोलले नाहीत, आज उकाडा आहे म्हणावं तसं बोलले. पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं.

तरी मी आधी अकोल्याला गेलो. तिथे खेळाचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदारानं क्रिकेटचे चेंडू दाखवले, मग शाळेच्या शर्यतीत फेकतात तो लोखंडी गोळा दाखवला. मी भोकांचं सांगितल्यावर तो म्हणाला, "भोक असलेला माल आमी ठेवत नाई साहेब, वापस जाते." तो मला साहेब म्हणाला याचं परतीच्या गाडीत बरं वाटत राहिलं.

मग मुंबईच्या दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की पंजाची आखणी कागदावर काढून पाठवा. रविवारी दुपारी मी ओसरीवर कागद पसरून पंजा ठेवला आणि बायकोला पेन्सिल दिली. ती मेहकरकडची. तिच्या बोलण्यात आमच्या 'मले-तुले'ऐवजी 'मला-तुला' यायचं, म्हणून शेजारच्या बाया तिला हसायच्या. ती एकेका बोटाभोवती पेन्सिल फिरवत होती.

"हलवू नका ना हात," ती म्हणाली.

"गुदगुल्या होतात."

"इतक्या लांबून कोण मागवतं हो लाकडाचा गोळा? स्टेशनच्या रस्त्यावर तो खरादी आहे की. आपलं पोळपाट त्यानंच केलंय."

"पोळपाट वेगळं," मी म्हणालो.

तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि आत गेली.

गोळा रेल्वेच्या पार्सलनं आला. भुशात बसवलेला, काळाभोर, इतका चकचकीत की त्यात खिडकी दिसत होती. कचेरीतल्या सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. त्याच संध्याकाळी मी तो शेडमध्ये नेला. अंगठा आत गेला, मधलं बोटही गेलं. मी झोका दिला आणि सोडायच्या क्षणी अंगठा निघालाच नाही. गोळ्यानं मला पुढे ओढलं, मी गुडघ्यावर आलो आणि गोळा बाजूच्या पत्र्यावर आदळला. अंगठ्याचं नख मुळापासून उचललं गेलं होतं.

साहेबांनी स्वतः हातावर पाणी ओतलं, आयोडीन लावलं. "परत पाठव," ते म्हणाले. "पैसे घेतात तर भोक नीट पाडून देतील." मी पाठवला. पंधरा दिवसांनी तो जसाच्या तसा परत आला. सोबत चिठ्ठी होती: आखणीबरहुकूम काम केलेलं आहे, एकदा पाडलेलं भोक बदलता येत नाही, दिलगीर आहोत. पार्सल घरी आलं होतं. साहेबांना मी यातलं काही सांगितलं नाही. पत्रव्यवहार चालू आहे, एवढंच म्हणालो. त्या दिवसांत मी डाव्या हातानं टपालाच्या नोंदी करत होतो आणि हेडक्लार्क माझ्या अक्षराकडे पाहून मान हलवत होता.

शेवटी गोळा पोत्यात गुंडाळून मी खरादीकडे गेलो.

त्याचं दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक पडवी. माणूस साठीचा, काटकुळा, एका डोळ्यात फूल पडलेलं. बाजेचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, रव्या, असं सगळं तो करायचा. लाकूड दोन खिळ्यांत अडकवून त्याला दोरीचे वेढे दिलेले असायचे. त्याची बायको समोर बसून दोरीची दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची आणि फिरत्या लाकडाला तो पटाशी लावायचा. ती दोघं कामात बोलत नसत. कधी जोरात ओढायचं, कधी हळू, हे तिला त्याच्या खांद्यावरून कळायचं. दुकानात त्या दिवशी पुष्कळ तयार माल पडून होता. स्टेशनवर लोखंडी खाटा उतरू लागल्यापासून बाजेचे पाय कुणी विचारत नव्हतं.

त्यानं मुंबईचा गोळा हातात फिरवला, भोकात आपलं बोट घालून पाहिलं.

"कारागीर चांगला हाय," तो म्हणाला. "पण त्यानं तुमाले पाह्यलं नाई."

"मी पंजा आखून पाठवला होता, मिस्त्री."

"कागदावर हात उताणा पडते बाबू. धरते तवा हात असा नसते." त्यानं आपली बोटं आखडून दाखवली. "अन् मले सांगा, हे धरून ठेवाचं हाय का सोडाचं हाय?"

"सोडायचं."

"मंग सोडताना माप घ्या लागते."

हीच भोकं बुजवून नवी पाडता येतील का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला. बुजवलेलं लाकूड पहिल्या उन्हाळ्यात वेगळं होतं. नवा करायचा तर लाकूड जड पाहिजे आणि जुनं पाहिजे. तो मागच्या अंगणात गेला आणि मला हाक मारली. तिथे भिंतीशी एक जाड ओंडका उभा होता. त्याच्या सासऱ्याच्या तेलाच्या घाण्याची ती लाट होती, घाण्यात फिरणारा अंजनाच्या लाकडाचा जाड सोट. मलकापुरात तेलाची गिरणी आली, घाणा बंद पडला, बैल विकले आणि लाट इथे आली.

"पाण्यात टाकली तर बुडते," तो म्हणाला. "इतके वर्ष तेल पेली हाय. फाटाची नाई."

त्याच्या बायकोनं मागून विचारलं, "ती कापता?"

"ठिवून काय करतं?" तो म्हणाला.

ती पुन्हा दोरीपाशी जाऊन बसली.

माप घ्यायला त्यानं ओल्या चिकणमातीचा गोळा केला, त्या लाटेच्या तुकड्याएवढाच मोठा. मला म्हणाला, धरा, झोका द्या आणि त्या राखेच्या ढिगावर सोडा. मी सोडला. तो राखेत जाऊन मातीवर उमटलेल्या बोटांच्या खुणा पाहू लागला. असं सात-आठ वेळा झालं. दर वेळी तो माती सारखी करायचा आणि म्हणायचा, "आता हात कडक करू नका. जसं ठिवता तसं ठिवा." रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहत होते. मला लाज वाटली. मी कोट घातलेला होता.

पुढे महिनाभर मी चार वेळा त्याच्याकडे गेलो. गिरमिटानं पाडलेलं भोक तिरकं होतं. पाहताना चुकलेलंच वाटायचं. अंगठ्याला काजळ लावून तो मला भोकात घालायला सांगायचा, आणि आत जिथे काळं लागेल तिथे काचकागदानं चार हात फिरवायचा. पुन्हा काजळ, पुन्हा काचकागद. शेवटच्या दिवशी अंगठा आत गेला आणि त्यानं मला हात खाली सोडायला सांगितलं. गोळा क्षणभर हातात राहिला आणि मग आपोआप, कुठेही न अडता, खाली ठेवलेल्या पोत्यावर उतरला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो लाखेचा तुकडा शोधत होता.

निघताना मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "मिस्त्री, हा साहेबांना दाखवतो. खामगावच्या आणि अकोल्याच्या क्लबातही हा खेळ आहे. त्यांना पसंत पडला तर तुम्हाला काम पुरायचं नाही."

त्याच्या बायकोनं दोरी खाली ठेवली. "खरंच का बाबू?" तिनं विचारलं.

"खरंच," मी म्हणालो, आणि त्या वेळी ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा साहेबांना ओळीनं सगळ्या डावांत हरवलं. गोळा फळ्यांवरून सरळ गेला, आवाजसुद्धा वेगळा येत होता, खालून दळल्यासारखा. तिसऱ्या फेकीत नऊच्या नऊ खुंट्या आडव्या झाल्या. साहेब टाळी वाजवून पुढे आले. त्यांनी माझा गोळा उचलला, उजेडात धरला, भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं. मिस्त्रीनं लाख चढवून तो काळसरच केला होता, मुंबईच्या गोळ्याच्या रंगाचा.

"म्हणजे शेवटी दुकानानं नीट करून दिला तर," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "येस सर."

मी असं का म्हणालो, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे. सरळ भोकाबद्दलचं त्यांचं ते वाक्य मनात होतं. राखेच्या ढिगाशी कोट घालून वाकलेला मी मला आठवलो. मुंबईच्या पत्रव्यवहाराबद्दल मी आधीच खोटं बोललो होतो, तेही होतं. पण ही सगळी कारणं मागून सुचलेली. त्या वेळी फक्त एक प्रश्न आला आणि सोपं उत्तर तोंडातून गेलं. ते दोन शब्द परत घ्यायला मला पूर्ण संध्याकाळ मिळाली होती. साहेब मध्ये खुंट्या उभ्या करायला गेले, लिंबाचं सरबत आलं, आम्ही बसून प्यालो. मी खेळत राहिलो.

आठवड्यानं कचेरीत साहेबांनी मला बोलावलं आणि पत्र लिहून घ्यायला सांगितलं. पत्र मुंबईच्या त्या दुकानाला होतं. तुम्ही माझ्या कारकुनाला बनवून दिलेला गोळा उत्तम आहे, असा तोल आणि अशी भोकं मी विलायतेतही क्वचित पाहिली, तरी खामगाव आणि अकोला इथल्या क्लबांसाठी तसेच आणखी गोळे हवे आहेत. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. माझा अंगठा आता बरा झाला होता, अक्षर पूर्वीसारखं वळणदार आलं होतं. मी पत्र टाइप केलं, सहीला नेलं, जावक वहीत चढवलं, तिकीट लावलं. टपालपेटी कचेरीच्या दारातच होती. पाकीट हातात घेऊन मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो ते मला सांगता येत नाही. शिपायानं विचारलं, "बाबूजी, मी टाकू का?" मी त्याच्याकडे दिलं.

उत्तर कचेरीच्या टपालात आलं नाही. आलं असेल तर बंगल्यावर आलं असेल, असं मी धरून चाललो. काही दिवस मी तार घेऊन गेलो की साहेब ती घ्यायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. 'ये आत' म्हणायचे नाहीत. मला वाटलं भाव पडताहेत म्हणून ते काळजीत आहेत. भाव खरंच पडत होते. मग तार शिपायाबरोबर पाठवायला हेडक्लार्कनं सांगितलं. मी विचारलं नाही. शेडमधून एकट्याच्या खेळण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा: गोळा, खुंट्या, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा गोळा.

या काळात मी स्टेशनच्या रस्त्यानं जाणं बंद केलं होतं. कचेरीतून घरी यायला तोच रस्ता जवळचा, पण मी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मागून, सरकीच्या ढिगांच्या बाजूनं यायचो. बायको एकदा म्हणाली, "खरादीची बायको विहिरीवर भेटली होती. विचारत होती, साहेबांचं काय झालं."

"सांग, अजून काही नाही."

"तिनं सांगितलं, त्यानं नांदुऱ्याहून अजून एका घाण्याची लाट आणलीय. गाडी करून. ती नवी आहे, तेल मुरलेलं नाही, म्हणून दारात ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीय."

मी जेवत होतो. मी ताटावरून उठलो नाही, जेवलो. पण त्या दिवशी काय जेवलो ते आठवत नाही.

त्या वर्षी हंगाम लवकर संपला. कंपनीनं मलकापूरची कचेरी लहान करायचं ठरवलं आणि साहेबांना कराचीला जायचा हुकूम आला. ते गेले त्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर हार घेऊन गेलो. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला, माझ्याशीही. माझा हात हातात असताना त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे. मग ते डब्यात चढले.

साहेबांच्या खोलीतली कागदपत्रं लावायचं काम माझ्याकडे आलं. क्लबाच्या फायलीत ते पत्र होतं. मुंबईच्या दुकानानं लिहिलं होतं की आपल्या कारकुनानं परत पाठवलेला गोळा आम्ही काहीही न बदलता परत केला होता. दुसरा कोणताही गोळा आम्ही बनवून दिलेला नाही. आपण पाहिलेलं काम आमचं नाही. ज्याचं असेल त्याचा पत्ता कळवल्यास आभारी होऊ. तारीख पाहिली. साहेबांनी मला आत बोलावणं बंद केलं, त्या आठवड्यातली होती. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

मी खुर्चीत बसलो. ते सगळे महिने त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटलं. मग वाटलं, त्यांनी एकदा विचारलंच होतं.

मी कराचीला पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहून फाडलं. ज्याला काम मिळायला हवं होतं तो कराचीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनच्या रस्त्यानं गेलो. पडवी उघडी होती, पण खराद बंद होता. खिळ्यांत लाकूड नव्हतं. नांदुऱ्याची लाट दारात पडलेली होती. पोतं सुकून सरकलं होतं आणि ओंडक्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट जाईल एवढी भेग गेली होती. मिस्त्री आत बसला होता. चांगल्या डोळ्यालाही आता कमी दिसत असावं, कारण मी अगदी समोर जाईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय बोललो, मुंबईचं पत्र कुणी लिहिलं, सगळं. त्याची बायको चुलीपाशी होती, ती उठून दारात आली. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मले समजलं होतं बाबू. तुमी रस्ता बदलला तवाच समजलं."

"मी येऊन सांगायला पाहिजे होतं."

"हो," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "आमचं नाव सांगाले तुमाले जड काऊन झालं? आमी काई वाईट केलं होतं का तुमचं?"

मिस्त्रीनं हात हलवून तिला थांबवलं. मग त्यानं विचारलं, "गोळा फाटला तर नाई?"

"नाही."

"घेऊन या."

मी घरी जाऊन गोळा आणला. त्यानं तो मांडीवर घेतला, सगळीकडून हात फिरवला, दोन्ही भोकांत बोट घालून कडा तपासल्या. अंगठ्याच्या भोकाची एक कड जराशी झिजली होती, ती त्याला लगेच लागली. मग तो म्हणाला, "मी हे फेकताना कधी पाह्यलं नाई. दाखवा एकडाव."

साहेबांच्या शेडला कुलूप होतं. मिस्त्री उठला, पडवीच्या कोपऱ्यातून न विकलेले बाजेचे नऊ पाय काढले आणि बायकोला दिले. तिनं ते गल्लीच्या टोकाला, मी सांगितलं तसे, उभे केले. गल्लीतली जमीन धुळीची, ओबडधोबड. मी अंगठा आणि बोट घातलं. गोळा हातात तसाच बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसा. मी सोडला. एका खड्ड्यानं तो जरा वळला, तरी पाच-सहा पाय उडाले. एक गटारात गेला.

मिस्त्री डोळे बारीक करून पाहत होता. पुढे काय होतं याची वाट पाहत असल्यासारखा तो थोडा वेळ तसाच राहिला.

"मंग?" त्यानं विचारलं.

"मग पुन्हा उभे करायचे आणि पुन्हा पाडायचे."

"एवढ्यासाठीच?"

"एवढ्यासाठीच."

तो खाली बसला. सासऱ्याची लाट त्यानं यासाठी कापली होती, आणि हे त्याला आता कळत होतं. मी गोळा आणून त्याच्यापुढे ठेवला, म्हणालो, हा तुमच्याकडे राहू द्या. त्यानं तो माझ्याकडे ढकलला. "तुमच्या हाताचा हाय. मले काय कामाचा?" त्याची बायको गटारातला पाय काढून पदरानं पुसत होती.

त्या दिवाळीनंतर पडवी बंद झाली. मुलीचं सासर बुऱ्हाणपूरला होतं, दोघं तिकडे गेली. खरादाचे खिळे भिंतीत तसेच राहिले आणि त्या जागी कुणीतरी विड्यांचं दुकान घातलं. वर्षभरात आमची कचेरीही बंद झाली आणि मी वरवट बकालला परतलो. साहेबाच्या जोडीनं बसणारा मुलगा घरी आला, तर वडिलांनी गावात काय सांगितलं ते मी विचारलं नाही. शाळेत मास्तरकी मिळाली.

बुऱ्हाणपूरला मिस्त्रीला साफच दिसेनासं झालं, हे सरकी घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाकडून कळलं. तो त्यांच्याच भागातला होता. मी विचारलं, त्यानं माझ्यासाठी काही निरोप दिलाय का? गाडीवान म्हणाला, तुमचं नाव निघालं होतं, पण तो काई बोलला नाई.

बुऱ्हाणपूर लांब नाही. मलकापूरला गाडी पकडायची, भुसावळला बदलायची. गाडीवानानं पत्ताही दिला होता, मोहल्ल्याचं नाव, मशिदीची खूण, जावयाचं नाव. बायको दर सुट्टीला म्हणायची, "जाऊन या एकदा." मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत. मिस्त्री त्यानंतर सात वर्षं जगला. मी गेलो नाही.